पिवळं कार्ड कुणासाठी?

मसाई माराची सहल ठरली की सहल कंपनीकडून आलेल्या कागदांत एक ओळ हमखास असते : यलो फिव्हरची लस घेतल्याचा दाखला सोबत ठेवावा. ती वाचून बहुतेकांना वाटतं, केनियात हा आजार असणार आणि तो आपल्याला होऊ नये म्हणून ही खबरदारी. यातलं निम्मंच खरं आहे. मुंबईहून थेट नैरोबीला उतरणाऱ्या माणसाकडे केनिया नियमाप्रमाणे हा दाखला मागत नाही, कारण भारतात पीतज्वर, म्हणजे यलो फिव्हर, नाहीच. तो दाखला मागतो आपला स्वतःचा देश, आणि तोही परत येताना.

भारताचा हा नियम चांगलाच कडक आहे. पीतज्वराचा धोका असलेल्या देशातून निघून सहा दिवसांच्या आत जो दाखल्याविना इथे उतरेल, त्याला ते सहा दिवस भरेपर्यंत विमानतळाच्या आरोग्य यंत्रणेच्या देखरेखीखाली वेगळं ठेवता येतं. ओळखपाळख, हुद्दा, दुसऱ्या दिवशीचं लग्न, यातलं काही चालत नाही. सहा दिवसच का, तर डास चावल्यापासून आजार दिसेपर्यंत तीन ते सहा दिवस लागतात. तेवढ्यात ताप आला नाही तर माणूस मोकळा. म्हणूनच केनियातून निघून दुबईत आठवडाभर राहिलेल्याला हा नियम लागत नाही, त्याचे सहा दिवस तिथेच भरलेले असतात. हा नियम मोजतो ते विषाणूचे दिवस, प्रवाशाच्या सोयी-गैरसोयीचा तो विचार करत नाही.

एवढी भीती कशाची? पीतज्वर पसरवणारा डास म्हणजे एडिस इजिप्ती. डेंग्यू आणि चिकुनगुन्या देणारा, कुंडीखालच्या ताटलीत, कूलरमध्ये, गच्चीवरच्या जुन्या टायरमध्ये वाढणारा, दिवसाढवळ्या चावणारा, तोच हा. डास आपल्या घराघरांत आहे, फक्त हा विषाणू इथे नाही. आजारी माणसाच्या रक्तात पहिले काही दिवस विषाणू भरपूर असतो. त्या दिवसांत त्याला आपल्याकडचा डास चावला, की साधारण दहाएक दिवसांत तो डास पुढच्यांना आजार द्यायला तयार होतो. आणि ज्यांना ही लस कधी टोचलेलीच नाही असे एकशे चाळीस कोटी लोक त्याच्यापुढे आहेत. बहुतेकांचा ताप चारपाच दिवसांत उतरतो, पण काहींच्या बाबतीत तो उलटतो, कावीळ होते, रक्तस्राव होतो. या दुसऱ्या टप्प्यात गेलेल्यांपैकी जवळपास निम्मे दगावतात. विषाणूवर खास औषध नाही.

ही धास्ती आजची नाही. मुळात हा आजार आफ्रिकेचा. गुलामांच्या जहाजांवर पिण्याच्या पाण्याच्या पिंपांत डास वाढत आणि त्यांच्याबरोबर विषाणू अटलांटिक ओलांडून अमेरिकेत गेला. 1793 मध्ये फिलाडेल्फिया ही अमेरिकेची राजधानी होती, त्या एका वर्षी तिथले सुमारे पाच हजार लोक पीतज्वराने गेले. क्युबातले डॉ. कार्लोस फिनले 1881 पासून सांगत होते की हे काम डासाचं आहे. वीस वर्षं त्यांना कुणी फारसं विचारलं नाही. 1900 मध्ये वॉल्टर रीड यांच्या पथकाने हवानाजवळ प्रयोग करून ते सिद्ध केलं, त्याच काळात पथकातले जेसी लेझियर डास चावून पीतज्वराने दगावले. पनामा कालवा पुरा होत आला तसे ब्रिटिश हिंदुस्थानातले आरोग्य अधिकारी अस्वस्थ झाले. आता अमेरिकेची जहाजं पॅसिफिकमार्गे थेट आशियात येणार, त्यांच्याबरोबर हा आजारही आला तर? याचा अभ्यास करायला एस. पी. जेम्स नावाच्या अधिकाऱ्याला पाठवण्यात आलं. कालवा 1914 मध्ये खुला झाला. पीतज्वर आला नाही.

तो आजवर का आला नाही, याचं एकच एक उत्तर शास्त्रज्ञांकडे नाही. एक तर्क असा की आशियातल्या लोकांच्या अंगात डेंग्यूविरुद्धची जी प्रतिकारशक्ती असते, ती या चुलतभावालाही थोडी अडवत असावी. दुसरा असा की इथल्या डासांना हा विषाणू तितकासा मानवत नसावा. पण प्रयोगशाळेत आशियाई डासांनी तो पसरवून दाखवलेला आहे. तिसरा तर्क व्यापाराच्या इतिहासाचा : गुलामांची वाहतूक पश्चिम आफ्रिकेतून अमेरिकेकडे झाली, आणि पूर्व आफ्रिकेत, जिथून आपल्याकडे जहाजं येत, तिथे हा आजार त्या मानाने कमी. तीनही तर्क एकत्र धरले तरी मनाचं समाधान होत नाही. 2016 मध्ये अंगोलात मोठी साथ आली. तिथे काम करणारे चिनी कामगार मायदेशी परतले आणि त्यांच्यापैकी 11 जणांना चीनमध्ये पीतज्वर असल्याचं निष्पन्न झालं. आशियात अशी ती पहिलीच नोंद. पुढे तिथे तो पसरला नाही. पण हा आजार विमानात बसून आशियात येऊ शकतो, हे आता कागदावरचं भाकीत राहिलेलं नाही.

या साऱ्या धास्तीवर एक अतिशय चांगली लस आहे, आणि तिची गोष्ट सांगण्याजोगी आहे. 1927 मध्ये आजच्या घानात असिबी नावाच्या एका माणसाला हलका पीतज्वर झाला आणि तो बरा झाला. त्याच्या रक्तातला विषाणू ऱ्हीसस जातीच्या माकडाला टोचला, तेव्हा माकड मेलं. आफ्रिकेतली माकडं या विषाणूला सरावलेली, ती सहसा मरत नाहीत. आशियातल्या या माकडांनी तो कधी पाहिलेलाच नव्हता. त्यामुळे प्रयोगासाठी प्राणी मिळाला. मॅक्स थायलर यांनी असिबीच्या त्या विषाणूची पिढ्यान्‌पिढ्या कोंबडीच्या गर्भपेशींत वाढ केली आणि तसं करता करता त्याचा जहालपणा गेला. 1937 च्या सुमारास हाती आलेला हा निवळलेला वाण म्हणजे 17डी. थायलर यांना त्यासाठी 1951 चं नोबेल मिळालं. आजही जगभर टोचली जाणारी पीतज्वराची लस त्याच वाणाची आहे आणि ती कोंबडीच्या अंड्यांत वाढवली जाते. पूर्वी दाखला दहा वर्षांनी संपायचा. 11 जुलै 2016 पासून तो आयुष्यभरासाठी ग्राह्य धरला जातो. कपाटात या दाखल्याचं जुनं पिवळं कार्ड असेल आणि त्यावर दहा वर्षांची मुदत लिहिलेली असेल, तरी ते बाद झालेलं नाही.

लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रांतच मिळते. मुंबईत विमानतळ आणि बंदराच्या आरोग्य यंत्रणेची केंद्रं आहेत, गोव्यात मुरगाव बंदराचं आहे. केंद्रवाले ठरावीक वारीच बोलावतात, आधी नाव नोंदवायला लावतात, यावर लोक चिडतात. कारण साधं आहे. लस भुकटीच्या रूपात येते, एका कुपीत अनेकांचे डोस असतात, आणि द्रव मिसळून कुपी तयार केली की सहा तासांत ती वापरायची नाहीतर फेकायची. लस मोजक्या देशांत बनते आणि सहज मिळत नाही. त्यामुळे दोघांसाठी कुपी फोडून बाकी वाया घालवणं परवडत नाही. टोचल्यानंतर दाखला लागू होतो दहा दिवसांनी. निघायच्या तीन दिवस आधी लस घेऊन पंधरा दिवसांनी परतणाऱ्याला भारत अडवणार नाही, कारण तोवर दहा दिवस झालेले असतील. मात्र जंगलात फिरताना सुरुवातीचे काही दिवस त्याचं शरीर पुरतं तयार नसेल. नियम पाळला गेला, पण माणसाचं संरक्षण राहून गेलं.

आणि ही लस सगळ्यांसाठी नाही. तिच्यात जिवंत विषाणू असतो, दुबळा केलेला का होईना. अंड्याची तीव्र ॲलर्जी असणारे, केमोथेरपी चालू असणारे, स्टिरॉइडचे मोठे डोस घेणारे, थायमस ग्रंथीचा आजार असलेले, नऊ महिन्यांच्या आतली बाळं, यांना ती देत नाहीत. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईच्या बाबतीत डॉक्टर धोका तोलून ठरवतात. साठीनंतर पहिल्यांदाच ही लस घेणाऱ्यांत क्वचित, पण गंभीर त्रास तरुणांपेक्षा जास्त दिसतो. आता आपल्याकडच्या आफ्रिका सहलीचा फोटो डोळ्यांसमोर आणा. जीपमध्ये बसलेले निम्मे लोक निवृत्त झालेले असतात! त्यांनी पैसे भरायच्या आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं. लस देता येत नसेल तर डॉक्टर तसं कारणासह लिहून देऊ शकतात. पण ते पत्र मानायचं की नाही हे ज्या देशात उतराल तिथला आरोग्य अधिकारी ठरवतो, आणि पत्रामुळे डास चावायचे थांबत नाहीत. अशांनी आफ्रिकेत जायचंच असेल तर नामिबिया, बोट्सवाना यांसारखे पीतज्वराच्या पट्ट्याबाहेरचे देश पाहावेत. प्राणी तिथेही आहेत.

दाखल्यांच्या या साऱ्या व्यवस्थेत आपण आज दारावरचे पहारेकरी आहोत. दीडशे वर्षांपूर्वी जग आपल्याला घाबरून दारं लावत होतं. 1865 च्या हजमध्ये कॉलरा पसरला, तिथून युरोपात गेला, आणि पुढच्या वर्षी कॉन्स्टँटिनोपलला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत बोट हिंदुस्थानकडे दाखवलं गेलं. यात्रेकरूंची मोठी जहाजं मुंबईहूनच सुटत. तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर त्यांना उतरवून क्वारंटाइनमध्ये ठेवत. सप्टेंबर 1896 मध्ये मूळ गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेग ओळखला. लगेच 1897 मध्ये व्हेनिसला परिषद भरली, ती मुख्यतः मुंबईच्या प्लेगपायी. त्या वर्षी हजला जाणाऱ्यांना रोखलं गेलं. त्याच वर्षी जानेवारीत ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या छोट्याशा प्रयोगशाळेत वॉल्डेमार हाफकिन यांनी स्वतः तयार केलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगात तिची चाचणी केली. परळची हाफकिन संस्था ही त्या धावपळीची पुढची कहाणी.

साठीच्या पुढच्या वाचकांना देवीचा दाखलाही आठवत असेल. परदेशी जाणाऱ्याला तो लागेच. 1972 मध्ये युगोस्लाव्हियात एका परतलेल्या यात्रेकरूमुळे देवी पसरल्या, 175 जणांना लागण झाली आणि 35 जण गेले. जवळपास सारा देश पुन्हा टोचावा लागला. देवी जगातून गेल्या आणि तो दाखलाही गेला. कॉलऱ्याचा दाखला 1973 मध्ये आंतरराष्ट्रीय नियमांतून वगळला गेला, कारण त्या काळची लस कॉलऱ्याला सरहद्दीवर थोपवू शकत नव्हती हे कळून चुकलं होतं. आज जागतिक आरोग्य नियमांत नाव घेऊन सक्ती करता येईल अशी लस एकच उरली आहे, पीतज्वराची. बाकी जे काही मागितलं जातं ते त्या त्या देशाचं किंवा तात्पुरतं. पोलिओचं तसंच. आपल्याकडचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये हावड्यात सापडला, 2014 च्या मार्चमध्ये देश पोलिओमुक्त ठरला, आणि त्याच वर्षापासून पोलिओ असलेल्या देशांत ये-जा करणाऱ्यांना भारताने थेंब सक्तीचे केले. इथेही तर्क तोच : जी आग घरातून विझली आहे तिची ठिणगी परत आत येऊ द्यायची नाही.

दाखल्याचा आणि माणसाचा फायदा जुळून येतो असं एक उदाहरण मात्र आहे, हजचं. मक्केत लाखो लोक एकमेकांच्या अंगाला अंग लावून काही दिवस काढतात. 1987 मध्ये तिथे मेनिंगोकॉकस जंतूमुळे होणाऱ्या मेंदूज्वराची मोठी साथ आली आणि सौदी सरकारने लस सक्तीची केली. 2000 आणि 2001 मध्ये त्याच जंतूचा डब्ल्यू नावाचा दुसरा प्रकार यात्रेकरूंबरोबर अनेक देशांत पोहोचला. जुन्या लशीत तो नव्हता. तेव्हापासून या जंतूच्या चार प्रकारांवर चालणारी लस लागते, आणि ती मक्केला पोहोचण्याआधी किमान दहा दिवस घेतलेली असावी लागते. उमऱ्याला जाणाऱ्यांनाही हीच अट आहे. हा मेंदूज्वर धडधाकट माणसाला चोवीस तासांत नेऊ शकतो. सक्ती नसती तरी ही लस घ्यावी अशीच आहे.

आता मूळ मुद्दा. सक्तीची लस घेतली की आपल्याकडच्या प्रवाशाला वाटतं, आरोग्याचं प्रकरण मिटलं. प्रत्यक्षात ती लस प्रामुख्याने आपल्या देशाला सांभाळते. प्रवाशाला सांभाळणाऱ्या बऱ्याचशा गोष्टी कुठल्याही काउंटरवर कुणी विचारत नाही.

पूर्व आफ्रिकेत पर्यटकाच्या जिवाला पीतज्वरापेक्षा कितीतरी मोठा धोका मलेरियाचा आहे. तिथला मलेरिया बहुतांशी फाल्सिपेरम जातीचा, म्हणजे मेंदूत आणि मूत्रपिंडात जाणारा. ‘आम्ही मुंबईचे, आम्हाला मलेरिया माहीत आहे’ हे वाक्य इथे फार घातक ठरतं. मलेरियाविरुद्धची प्रतिकारशक्ती सतत लागण होत राहिली तरच टिकते आणि तीही अर्धवट असते. ठाण्याच्या किंवा कोथरूडच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या माणसाला ती जवळपास नसतेच. पर्यटकांसाठी नेहमीच्या वापरातली मलेरियाची लस नाही, गोळ्या आहेत. डॉक्सिसायक्लिन किंवा मेफ्लोक्विन घेतली तर परत आल्यावरही चार आठवडे चालू ठेवावी लागते. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल घेतली तर सात दिवस पुरतात. लोक नेमकी हीच शेपटी तोडतात. विमान उतरलं, सहल संपली, गोळ्या बंद. पण शेवटच्या रात्री चावलेल्या डासाने सोडलेले जंतू त्या वेळी कुठे यकृतात बसून वाढत असतात. ते रक्तात उतरतील तेव्हा औषध तिथे हजर असायला हवं. कुठली गोळी कुणाला चालेल हे डॉक्टरच ठरवतील : मेफ्लोक्विनने काहींना भयंकर स्वप्नं पडतात, मन बिथरतं, डॉक्सिसायक्लिनने उन्हात कातडी भाजते आणि लहान मुलांना व गरोदर बायकांना ती देत नाहीत. मलेरियाचा डास संध्याकाळ ते पहाट चावतो, पीतज्वराचा आणि डेंग्यूचा दिवसा. त्यामुळे अंगभर कपडे आणि डीईईटी असलेलं मलम चोवीस तासांच्या हिशेबाने न्यावं.

पोटाच्या बाबतीत आपला फाजील आत्मविश्वास याहून मोठा. पाणीपुरीवर वाढलेल्या पोटाला काय होणार! पण यातही पिढीपिढीचा फरक पडला आहे. हिपॅटायटिस ए म्हणजे दूषित पाण्यातून होणारी कावीळ. एके काळी ती जवळजवळ सगळ्यांना अगदी लहानपणी होऊन जायची, बहुधा कळायचीही नाही, आणि जन्मभराची प्रतिकारशक्ती देऊन जायची. प्युरिफायरच्या पाण्यावर वाढलेल्या शहरी मुलांना ती झालेलीच नसते. आणि हीच कावीळ विसाव्या-तिसाव्या वर्षी झाली तर महिनाभर अंथरुणाला खिळवते. म्हणजे आजोबा सुरक्षित आणि नातू उघडा, अशी उलटी गत. या काविळीची लस आपल्याकडे सहज मिळते. टायफॉइडचीही मिळते, आणि तिच्या बाबतीत महाराष्ट्राच्या नावावर एक चांगली नोंद आहे : टायफॉइडची नवी कॉन्जुगेट लस सार्वजनिक आरोग्य व्यवस्थेतून मुलांना देण्याची मोहीम जगात पहिल्यांदा 2018 मध्ये नवी मुंबई महापालिकेने सुरू केली. पहिल्याच टप्प्यात एक लाखाहून अधिक मुलांना ती टोचली गेली.

या लशीचं खरं गिऱ्हाईक म्हणजे उलट्या दिशेने येणारा प्रवासी. न्यू जर्सी, लंडन, सिडनीहून उन्हाळ्यात आजोळी येणारी आपली नातवंडं. प्रवासवैद्यक जाणणारे डॉक्टर हॉटेलात राहणाऱ्या पर्यटकापेक्षा नातेवाइकांकडे येणाऱ्यांची काळजी जास्त करतात. ब्रिटन आणि अमेरिकेत सापडणाऱ्या टायफॉइडच्या रुग्णांत दक्षिण आशियात आप्तांना भेटून आलेल्यांचा वाटा फार मोठा असतो. कारण उघड आहे. पर्यटक बाटलीबंद पाणी पितो, दोन आठवड्यांत जातो. नातवंड दोन महिने राहतं, मावशीकडचं ताक पितं, गावच्या जत्रेत बर्फाचा गोळा खातं. आणि आईवडलांना वाटतं, आपल्याच घरी जायचंय, त्याला कसली लस? शिवाय पाकिस्तानातल्या सिंध प्रांतात 2016 पासून नेहमीच्या बहुतेक औषधांना न जुमानणारा टायफॉइड पसरला आहे. औषधावर भरवसा ठेवून लस टाळण्याचे दिवस त्यामुळे संपत आले आहेत. परदेशातल्या लेकीला फोनवर काय काय आणायचं याची यादी देताना आजीने नातवंडांच्या टायफॉइड आणि काविळीच्या लशीची आठवण जरूर करावी.

बाली आणि थायलंडला जाणाऱ्यांना एक वेगळाच इशारा द्यायला हवा. बालीत 2008 पर्यंत कुत्र्यांना रेबीज नव्हता. त्या वर्षी तो शिरला आणि आजवर गेलेला नाही. उबुडच्या माकडांच्या जंगलात खांद्यावर माकड बसवून फोटो काढायची हौस असेल, तर निदान हे लक्षात ठेवा : चावा किंवा ओरखडा आला तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी लस सुरू करायची. खोल चाव्याला लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही लागतं, आणि ते अनेक ठिकाणी मिळता मिळत नाही. आधीच लस घेतलेल्याला इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही, लशीचे दोन डोस पुरतात. लांबच्या मुक्कामाला, विशेषतः लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी याचा विचार करावा. सहल आठ दिवसांची असेल तर माकडांपासून दोन हात लांब राहणं सगळ्यात स्वस्त.

शिकायला जाणाऱ्या मुलांच्या अडचणी निराळ्या. अमेरिकेतली विद्यापीठं साधारणपणे एमएमआरचे, म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेला लशीचे, दोन डोस मागतात, दोन्ही पहिल्या वाढदिवसानंतरचे आणि मध्ये किमान 28 दिवस. आपल्याकडे सरकारी कार्यक्रमात गोवराची लस नवव्या महिन्यात देत आले. ती बाळासाठी अगदी बरोबर आहे, पण तिकडच्या हिशेबात धरली जात नाही. शिवाय सरकारी लशीत गालगुंडाचा भाग नसतो. म्हणून आई बाळपणीची फाइल काढून दाखवते आणि विद्यापीठाचं पोर्टल ती नाकारतं. मग रक्तातली प्रतिपिंडं तपासून अहवाल देता येतो, नाहीतर सरळ दोन डोस पुन्हा घ्यायचे. ज्यादा डोसाने नुकसान होत नाही. दुसरा घोळ क्षयरोगाचा. आपल्याकडे जन्मताच बीसीजी टोचतात, अमेरिकेत सर्रास टोचत नाहीत. बीसीजी घेतलेल्याच्या हातावर मॅन्टू चाचणी केली तर ती फुगू शकते आणि मुलाला क्षयाचा जंतुसंसर्ग असल्याचा संशय निघतो. बीसीजीचा परिणाम न होणारी आयजीआरए ही रक्ततपासणी आहे, तीच मागावी. ब्रिटनला सहा महिन्यांहून अधिक काळासाठी जाणाऱ्यांना तर व्हिसासाठीच क्षयतपासणीचा दाखला लागतो, आणि तो ब्रिटनने नेमलेल्या दवाखान्यातूनच.

औषधांच्या पिशवीबद्दल थोडंसं. चालू औषधं मोठ्या बॅगेत टाकू नका, बॅग एका देशात आणि तुम्ही दुसऱ्यात, असं होतं. इन्शुलिन तर हातातच हवं, सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, कारण आपल्या ब्रँडची नावं तिकडे कुणाला कळत नाहीत. इथे घरोघरी असणाऱ्या काही गोळ्या तिकडे गुन्हा ठरतात. संयुक्त अरब अमिरातीत ट्रॅमाडॉल, कोडीन, झोपेच्या काही गोळ्या परवानगीशिवाय नेता येत नाहीत. जपानमध्ये सर्दीच्या गोळीतलं स्यूडोएफेड्रीन ठरावीक प्रमाणापलीकडे चालत नाही. आणि खसखस! दुबई आणि सिंगापूरला लेकीसाठी अनारसे नेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं, खसखस अफूच्या बोंडातली असल्यामुळे तिथे ती बंदी असलेल्या मालात मोडते. लांबच्या विमानप्रवासात पायांच्या शिरांत गुठळी होऊ शकते, तेव्हा दर तास-दोन तासांनी उठून चालावं. नुकतंच गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांनी, कॅन्सरवर उपचार घेणाऱ्यांनी निघण्याआधी डॉक्टरांना विचारावं. विमा काढताना आधीचे आजार लपवू नयेत, कारण कंपनी ते नेमके दाव्याच्या वेळी शोधते.

हे सगळं करायला निघण्याआधी सहा ते आठ आठवडे हाताशी हवेत. काही लशींना दोन डोस लागतात. जिवंत विषाणूच्या दोन लशी एकाच दिवशी घ्यायच्या, नाहीतर मध्ये चार आठवडे सोडायचे. कुठल्या देशासाठी काय लागतं याची यादी बदलत असते. ती आरोग्य मंत्रालयाच्या किंवा त्या देशाच्या वकिलातीच्या संकेतस्थळावर पाहावी, कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर नव्हे. कार्यक्रमपत्रिकेतले सगळे थांबे ध्यानात घ्यावेत. टांझानिया भारताच्या पीतज्वर यादीत नाही, पण केनियातून रस्त्याने टांझानियात शिरणाऱ्याकडे टांझानिया दाखला मागतो. मारा आणि सेरेंगेटी एकाच सहलीत करणारे इथेच अडकतात.

परत आल्यावर सहलीचे फोटो दाखवून होतात, कामं सुरू होतात, आणि तीनएक आठवड्यांनी ताप येतो. पावसाळा असतो, कॉलनीत सगळ्यांनाच ताप असतो, व्हायरल म्हणून पॅरासिटामॉल घेतलं जातं. फाल्सिपेरम मलेरिया मात्र वाट पाहत नाही, दिवस वाया गेले की रुग्ण हाताबाहेर जातो. म्हणून परतल्यानंतरच्या तीन महिन्यांत ताप आला, गोळ्या नीट घेतलेल्या असल्या तरीही, तर डॉक्टरांना आधी कुठे जाऊन आलात ते सांगा, ताप किती आहे ते नंतर. मलेरियाची रक्ततपासणी त्याच दिवशी करा. ती निगेटिव्ह आली आणि ताप राहिला, तर पुढचे दोन दिवस पुन्हा करा.